दगड मऊ, अक्षर कठीण

जपानी माणसाच्या खिशात एक लिपी सदैव असते, पण ती त्याला वाचता येतेच असं नाही. येनच्या नोटेवर समोरच्या बाजूला एक छोटा लाल गोल शिक्का छापलेला असतो, तो बँक ऑफ जपानच्या गव्हर्नरांचा. नोट उलटली की तसाच दुसरा दिसतो. पासपोर्टच्या मुखपृष्ठावर सोनेरी शेवंतीच्या वरच्या अंगाला पाच अक्षरं असतात. त्यांचीही वळणं वर्तमानपत्रातल्या अक्षरांसारखी नाहीत. रेघांची जाडी सगळीकडे सारखी, कोपरे सावकाश वळलेले, बांधा उभट. ही तेन्शो लिपी. इ.स.पू. 221 मध्ये छिनच्या राजाने सगळा चीन एका अमलाखाली आणला, तेव्हा राज्याराज्यांतली वेगवेगळी अक्षरवळणं बाजूला सारून एकच वळण ठरवून देण्यात आलं. आजची तेन्शो मुख्यतः त्याच घराण्यातली. रोजच्या कारभाराला ती फार काळ पुरली नाही, कारण ती लिहायला वेळ लागतो. कारकुनांनी सोपी, भरभर लिहिता येणारी वळणं काढली आणि तेन्शो शिक्क्यांत जाऊन राहिली. दोन हजार वर्षं झाली, ती अजून तिथेच नांदते आहे.

ही अक्षरं मऊ दगडावर उलटी लिहायची, लहानशा पोलादी कोरणीने कोरायची आणि तांबड्या रंगाने कागदावर सुलटी उमटवायची, या कलेला जपानमध्ये तेन्कोकु म्हणतात. दगड बोटाएवढा, त्याचा चौकोनी तळ इंचभरसुद्धा नसतो. हत्यारं हाताच्या ओंजळीत मावतील एवढी. घरात एक टेबल आणि चांगला दिवा असला की काम सुरू करता येतं. या सोपेपणामुळे शिकणाऱ्याची समजूत होते, की अवघड भाग कोरण्याचा आहे आणि तो हाताला सवय झाली की जमेल. पुढची पानं वाचण्याआधी ही समजूत दूर व्हायला हवी. दगड बिचारा लवकर वश होतो. वेळ घेतं ते अक्षर.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. जपानमधला शिक्का म्हटलं की लोकांना हान्को आठवतो. बँकेत खातं उघडताना, घर विकत घेताना, दारात आलेल्या पार्सलची पोच देताना वापरायचा तो नावाचा शिक्का. यामानाशी प्रांतातलं रोकुगो हे गाव या धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध आहे आणि तिथल्या हाती कोरलेल्या शिक्क्यांना सरकारने पारंपरिक हस्तव्यवसायाचा दर्जाही दिला आहे. 2020 मध्ये जपानी सरकारने कार्यालयांतले अनावश्यक शिक्के बंद करण्याची मोहीम काढली, त्याची बातमी जगभर झाली आणि शिक्क्यांची कला आता संपणार असं बऱ्याच जणांनी लिहून टाकलं. पण तो प्रश्न हान्कोचा होता. हान्को हे गिऱ्हाइकासाठी केलेलं व्यावसायिकाचं काम. तेन्कोकुचा शिक्का सहसा कोणत्याही दप्तरात नोंदवलेला नसतो. तो सुलेखनाच्या कागदावर, चित्राच्या कोपऱ्यात, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मित्राला धाडलेल्या पत्राखाली उमटतो. सरकारी अर्जावरचा शिक्का गेला म्हणून त्याचं काही अडत नाही.

या कलेचं मूळ समजून घ्यायला क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्याकडे जावं लागतं. तिथे हाकाता उपसागराच्या तोंडाशी शिकानोशिमा नावाचं छोटं बेट आहे. 1784 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला शेताच्या पाटाची दुरुस्ती करताना दगडाखाली सोन्याचा एक शिक्का सापडला. बाजू जेमतेम 2.3 सेंटिमीटर, वजन 108 ग्रॅमच्या थोडं वर, आणि मुठीच्या जागी वेटोळं घालून बसलेला साप. तळावर तीन ओळींत पाच अक्षरं आहेत. त्यांचा सर्वसाधारण अर्थ ‘हान साम्राज्याच्या अधीन असलेल्या ना या देशाचा राजा’ असा लावतात. इ.स. 57 मध्ये चीनच्या ग्वांगवू सम्राटाने पूर्वेकडच्या बेटांवरून आलेल्या वकिलाला शिक्का दिल्याची नोंद जुन्या चिनी इतिहासग्रंथात आहे. तोच हा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अस्सलपणाचा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. पण 1956 मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात तेन राजाचा, सापाचीच मूठ असलेला सोन्याचा शिक्का उत्खननात मिळाला आणि शंका घेणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला. शिकानोशिमाचा शिक्का आज फुकुओका शहराच्या संग्रहालयात आहे.

नवशिक्याने त्याच्याकडे पुरातत्त्वाच्या पलीकडे जाऊन पाहावं. त्यातली अक्षरं खोल कोरलेली आहेत, उठावाची नाहीत. कागदावर तो उमटवला तर लाल चौकोनात पांढरी अक्षरं दिसतात. हान काळात असं का करत? कारण तेव्हा शिक्का कागदावर मारायचा नसे. राजपत्रं बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिली जात, त्यांची जुडी दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा बसवत आणि त्या मातीवर शिक्का दाबत. खोदलेलं अक्षर मातीत उठून यायचं. वाटेत कोणी जुडी उघडली तर माती फुटायची. पुढे कागद आला, लाल रंग आला, मातीचं काम संपलं. तरी पांढऱ्या अक्षराची चाल टिकली. जपानी कोरकार तिला हाकुबुन म्हणतात. अक्षर लाल आणि भोवतालची जमीन पांढरी असेल तर तो शुबुन. शिकायला सुरुवात जवळजवळ नेहमी हाकुबुनने होते. आकारही हान काळाचाच चालत आला आहे. त्या वेळच्या एका त्सुनची लांबी साधारण 2.3 सेंटिमीटर होती आणि अधिकाऱ्याचा शिक्का एक त्सुन चौरस असे. आज जपानी दुकानात नवशिक्यासाठी मिळणारा दगड दोन ते अडीच सेंटिमीटर बाजूचा असतो. दोन हजार वर्षांत माप फारसं हललेलं नाही.

हान काळाचे शिक्के बहुतेक धातूचे, काही जेडचे. पुढे शिंग, हस्तिदंत ही माध्यमं आली. यांतलं काहीच लिहिणाऱ्या माणसाला स्वतः कोरता येण्यासारखं नव्हतं. विद्वान अक्षर रेखाटून देई, कारागीर ते कापून देई. लिहिणारा हात वेगळा आणि कोरणारा वेगळा. हे चौदाव्या शतकात बदलू लागलं. युआन काळातला चित्रकार वांग म्येन याने मऊ दगडावर स्वतःचे शिक्के कोरले, असं चिनी परंपरा सांगते. सोळाव्या शतकात वेन पेंग या सुलेखनकाराने तो रिवाज पक्का केला. त्याची एक कथा शिक्केकारांच्या चरित्रग्रंथात सांगितली जाते. नानजिंगच्या रस्त्यावर एक म्हातारा गाढवावर दगडांच्या टोपल्या लादून आला होता आणि पैशांवरून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. वेन पेंगने भांडण मिटवलं आणि सगळे दगड विकत घेतले. फोडून पाहिले तर आतून ते दिव्याच्या उजेडासारखे पारदर्शक निघाले. तोवर त्याची अक्षरं ली वेन्फू नावाचा कारागीर हस्तिदंतात कोरून देत असे. त्या दिवसापासून वेन पेंगने हस्तिदंत सोडला आणि कोरणी स्वतःच्या हातात घेतली.

गाढवाची गोष्ट खरी असो वा नसो, तिने सांगितलेला बदल खरा आहे आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची घटना तीच आहे. ज्याने लिहावं त्यानेच कोरावं, हे दगडाच्या मऊपणामुळे शक्य झालं. तेन्कोकु ही हौशी माणसांनी उभी केलेली कला आहे. कवी, वैद्य, भिक्षू, नोकरी सोडलेले अधिकारी अशा लोकांनी तिला आकार दिला. म्हणून आज एखाद्या शिक्षिकेने किंवा निवृत्त अभियंत्याने पहिल्यांदा कोरणी उचलली तर ती परंपरेबाहेरची गोष्ट ठरत नाही. परंपरा तशाच माणसांची आहे.

जपानमध्ये शिक्के आठव्या शतकापासून सरकारी कामात होते आणि सोळाव्या शतकात ओदा नोबुनागासारखे सरदार आपापले खास शिक्के वापरत. पण दगडावर स्वतः कोरण्याची विद्या चीनमधून आलेल्या भिक्षूंनी आणली. मिंग घराणं कोसळल्यावर बरीच शिकलेली मंडळी समुद्र ओलांडून नागासाकीला पोचली. 1653 मध्ये आलेला दोकुर्यू हा वैद्य होता, सुलेखनकार होता, पुढे तो ओबाकु पंथाचा भिक्षू झाला. 1677 मध्ये शिन्एत्सु आला. तंतुवाद्य वाजवणारा आणि शिक्के कोरणारा. त्याला मितोचे सरदार तोकुगावा मित्सुकुनी यांनी आपल्याकडे बोलावून घेतलं. या दोघांना जपानी तेन्कोकुचे आद्य गुरू मानतात. मात्र त्यांनी आणलेली शैली उत्तर मिंग काळातली, वळणावळणांची, थोडी नटवी होती. तिच्यावर तुटून पडला तो क्योतोचा को फुयो.

1722 मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने चिनी शिक्क्यांच्या संग्रहपुस्तकांतून हान काळाचे शिक्के अभ्यासले आणि नव्या नखऱ्यांपेक्षा तो जुना साधेपणाच खरा, असं ठामपणे मांडलं. चित्रकार इके नो ताइगा त्याचा जिवलग मित्र होता. फुयोला लोक पुढे ‘शिक्क्यांचा संत’ म्हणू लागले. तो वारला 1784 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शिकानोशिमाच्या शेतात सोन्याचा शिक्का निघाला त्याच वर्षी. आयुष्यभर पुस्तकातल्या ठशांवरून ज्या हान शिक्क्यांचा ध्यास घेतला, त्यांतला एक अस्सल नमुना त्याच्याच देशात, त्याच्या अखेरच्या महिन्यांत मातीतून वर आला. इतिहासाने इतकी नेमकी वेळ क्वचितच साधली असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा चीनकडे वाट उघडली. क्योतोच्या एका शिक्केकाराच्या घरात 1871 मध्ये जन्मलेला कावाई सेन्रो 1900 मध्ये चीनला गेला आणि वू छांगश्वो या थोर चित्रकार-शिक्केकाराच्या सहवासात आला. 1904 मध्ये हांगझोउच्या पश्चिम सरोवराकाठी शीलिंग शिक्केकला मंडळ स्थापन झालं. सेन्रो त्याच्या मोजक्या जपानी सभासदांपैकी एक. जुन्या ठशांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह त्याने जमवला होता. 10 मार्च 1945 च्या तोक्योवरच्या बाँबहल्ल्यात तो संग्रह जळाला आणि सेन्रोही गेला. त्याचा शिष्य कोबायाशी तोआन मागे राहिला. 2004 मध्ये तोआनला जपानचा संस्कृती सन्मान मिळाला. तेन्कोकुला स्वतंत्र कला म्हणून इतक्या वरच्या पातळीवर मिळालेली ती दाद होती.

आता दगड. शिक्क्याचे बहुतेक दगड पायरोफिलाइट या खनिजाचे, आपल्याकडच्या शंखजिऱ्याच्या जवळच्या जातीचे. नखाने ओरखडा उठेल न उठेल इतपत मऊ. चीनच्या झेजियांग प्रांतातला छिंगथ्येनचा दगड (जपानी उच्चार सेईदेन) नवशिक्याला सर्वांत मानवतो. कोरणी लावली की तो करकरीत आवाज करत स्वच्छ तुटतो आणि काय चाललं आहे ते हाताला लगेच कळतं. फूच्यानमधला शोउशानचा दगड मेणचट, त्याची चकाकी मोहक. त्याच परिसरात शेतातल्या मातीखाली मिळणारा पिवळा ‘देन्ओ’ संग्राहक सोन्याच्या तोलाने मोजत आले. आतल्या मंगोलियातला बालिन मऊ आणि रंगीबेरंगी. छांगह्वाचा ‘कोंबड्याच्या रक्ताचा’ दगड म्हणजे लाल भडक शिरा असलेला. त्या शिरा हिंगुळाच्या असतात, आणि ज्या लाल लगद्याने शिक्का उमटवतात तोही हिंगुळाचाच. शिकताना यांतलं काही महाग घेऊ नये. शाळांमध्ये वापरतात तो स्वस्त कोराई दगडही चालतो, फक्त तो फार मऊ असल्याने रेघेच्या कडा भुरभुर झडतात. कोणत्याही दगडात अधूनमधून वाळूचा कडक कण लपलेला असतो. कोरणी त्याच्यावर अडली तर जोर लावायचा नाही, दोन्ही बाजूंनी पोखरून तो कण काढून टाकायचा.

दगडाची माहिती एका बैठकीत होते. अक्षरांची होत नाही. तेन्शोतली वळणं आजच्या कांजीवरून, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांवरून, ओळखता येत नाहीत, म्हणून जपानी शिकणाऱ्यालाही प्रत्येक अक्षर कोशात शोधावं लागतं. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन या चिनी विद्वानाने तयार केलेल्या कोशात 9,353 अक्षरं आहेत आणि आजचे तेन्कोकुचे कोश अजून त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. कोश उघडला की एकाच अक्षराखाली डझनभर रूपं दिसतात. काही कांस्यपात्रांवरची, काही छिन काळाची, काही हान शिक्क्यांतली. नवशिक्या त्यांतलं सुंदर दिसेल ते उचलतो. इथे पहिली शिस्त लागते: एका शिक्क्यात एकाच काळाची रूपं. कांस्यपात्रावरचं एक आणि हान शिक्क्यातलं दुसरं शेजारी बसवलं तर जाणत्या डोळ्याला ते लगेच खटकतं. मग जपानी आडनावांची अडचण येते. ‘तोगे’ (खिंड), ‘हाताके’ (शेत), ‘त्सुजी’ (चौक) ही अक्षरं जपानमध्येच घडली. जुन्या चीनमध्ये ती नव्हतीच, म्हणून त्यांचं तेन्शो रूपही नाही. तेव्हा कोरकार अक्षराचे भाग सुटे करतो. ‘तोगे’मध्ये डोंगर, वर आणि खाली अशी तीन अक्षरं आहेत. तिन्हींची जुनी रूपं घेऊन तो नवं अक्षर बांधतो. हे करताना मनमानी चालत नाही, व्युत्पत्ती बघावी लागते.

अक्षरं मिळाली की त्यांना चौकोनात वसवायचं. दोन अक्षरांचं नाव असेल, एकात तीन रेघा आणि दुसऱ्यात अठरा, तर चौकोन अर्धाअर्धा वाटायचा का? हान शिक्के याचं उत्तर देतात. तिथे कमी रेघांच्या अक्षराला थोडी कमी जागा मिळते, त्याच्या रेघा जाड होतात, काही वळवून घेतल्या जातात, आणि पांढरी व लाल पट्टी अशी आलटून पालटून येते की कुठेच भगदाड दिसत नाही. मात्र सगळं इतकं सारखं झालं की शिक्का जाळीसारखा निर्जीव होतो. म्हणून चांगला कोरकार एका जागी मुद्दाम मोकळीक ठेवतो. या आराखड्याला इनको म्हणतात. काळी आणि लाल शाई घेऊन, एका रंगाने दुसरा खोडत, प्रत्यक्षाच्या आकारात तो पुन्हा पुन्हा काढला जातो. शिकणाऱ्याचे बहुतेक तास इथे जायला हवेत. इनको पक्का नसताना दगड हातात घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा शिक्का कितीही स्वच्छ कोरलेला असला तरी पाहणाऱ्याची नजर त्यावर ठरत नाही.

प्रत्यक्ष काम सांगायला थोडं, करायला सावकाश. काचेच्या तावावर पॉलिश पेपर ठेवायचा, आधी खरखरीत आणि मग बारीक, आणि दगड तळाजवळ धरून घासायचा. बोटांचा दाब एका बाजूला पडला की कडा झिजतात, तळ फुगीर होतो आणि कोपरे कागदावर उमटत नाहीत. तळ सपाट झाला की त्यावर लाल शाईचा हात फिरवायचा, वाळला की इनको पुढ्यात घेऊन आरशात बघत काळ्या शाईने अक्षरं उलटी लिहायची. चूक झाली तर लालने झाकायची. काहीजण आराखडा पातळ कागदावर काढून, ओलसर करून, दगडावर पालथा घासून उतरवतात. दोन्ही रीती चालतात. पहिलीत अक्षर हाताला लवकर समजतं.

मग दगड इनशो नावाच्या लाकडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवतात. कोरणीचं पातं रुंद, दोन्ही बाजूंनी उतरतं केलेलं. तिचं टोक वापरायचं नसतं, काम पात्याच्या कोपऱ्याचं. मुठीत धरून स्वतःकडे ओढायची किंवा लेखणीसारखी धरून पुढे ढकलायची. हाकुबुनमध्ये रेघेच्या एका काठावरून तिरकी कोरणी एकदा न्यायची, दगड फिरवून दुसऱ्या काठावरून न्यायची. मधला भाग आपोआप सुटून निघतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोबणी उरते. दुसरा मार्ग एकाच फटक्याचा. सुतारकाम करत मोठा झालेल्या चिनी चित्रकार छी बाईशीने तो टोकाला नेला. त्याच्या रेघेची एक कड सरळ, दुसरी फुटलेली. ते पाहून नवशिक्याला हुरूप येतो, पण आरंभ तिथून करू नये. फुटलेल्या कडेमागे कोणता हात आहे हे कळायला दोन्ही काठ सरळ कापता यावे लागतात.

दगड कोरताना धूळ उडते. ती फुंकरीने उडवू नये, कुंचल्याने झाडावी. नाकावर मास्क असलेला बरा.

ठसा घेणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि बरेचजण तिथे घाई करतात. इनदेई म्हणजे हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीचे कापसासारखे तंतू यांचा मळलेल्या कणकेसारखा लगदा. शांघायच्या शीलिंग इन्शा या उत्पादकाचे चिनी मातीच्या डब्यांतले लगदे जपानमध्ये सर्रास वापरले जातात. डबा पडून राहिला की तेल वर येतं, म्हणून मधूनमधून तो हाडाच्या किंवा बांबूच्या काडीने उलथून घ्यावा लागतो. हिंगुळात पारा असतो, तेव्हा काम झाल्यावर हात धुवावेत. दगड लगद्यात दाबून बुडवला की रंग खोबण्यांत भरतो आणि पांढरी अक्षरं लाल होऊन जातात. हलक्या हाताने पुष्कळ वेळा टेकवत, कडांपासून मध्यापर्यंत सगळीकडे पातळ थर चढवायचा. कागदाखाली किंचित गादी हवी. दाबल्यावर दगड हलवायचा नाही. पहिला ठसा निघाला की दोष उघडे पडतात. मग दुरुस्ती. कुठे रेघ थोडी रुंद करायची, कुठे कोपरा मोकळा करायचा. काहीजण शेवटी कोरणीच्या मुठीने दगडाची कड ठोकून थोडी फोडतात, त्याने काळाच्या झिजेचा भास होतो. हे शिकणाऱ्याने पुष्कळ काळ टाळावं. जुन्या शिक्क्यांच्या कडा मातीने आणि वापराने खाल्ल्या होत्या. नव्या शिक्क्यात फुटलेली कड तेव्हाच शोभते जेव्हा रचनेला तिथे हवेची गरज असते.

पहिला शिक्का कशाचा कोरावा याबद्दल मतभेद आहेत. जपानमध्ये पुष्कळजण डिसेंबरमध्ये, नववर्षाच्या भेटकार्डांसाठी येत्या वर्षाच्या प्राण्याचं छोटं चित्र कोरून सुरुवात करतात. चित्रपत्रं लिहिणारे आपल्या नावातलं एकच हिरागाना अक्षर कोरतात. दोन्हींत आनंद आहे आणि तो नाकारू नये. पण कलेत शिरायचं असेल त्याने मोकोकु करावा, म्हणजे जुन्या शिक्क्याची जशीच्या तशी नक्कल. एकोणिसाव्या शतकात छन ज्येछी या चिनी संग्राहकाने आपल्या संग्रहपुस्तकांत दहा हजारांहून अधिक जुन्या शिक्क्यांचे ठसे एकत्र केले. त्यांची पुनर्मुद्रणं जपानी शिकवण्यांत हाताशी असतात. साधा, चार अक्षरांचा हान काळातला हाकुबुन घ्यायचा. रेघ किती जाड, दोन रेघांत किती लाल, कुठली रेघ चौकटीला चिकटली आणि कुठली सुटली, हे नक्कल करताना जेवढं दिसतं तेवढं नुसतं पाहून दिसत नाही. स्वतःचं नाव मग कोरावं. नावाचा मोह पहिल्याच दिवशी फार असतो, आणि त्याच नावाने चौकोनात बसायला नकार दिला की माणूस निराश होतो.

मराठी वाचकाला इथे साहजिक प्रश्न पडेल की आपलं नाव कसं कोरायचं. ध्वनी जुळवून कांजी निवडण्याची रीत आहे. ती करताना अर्थ विचित्र निघत नाही ना, हे जाणकाराला विचारून घ्यावं. देवनागरी कोरायची असेल तर शिरोरेषा मोठा पेच टाकते. ती चौकोन आडवा कापते, वरचा भाग मात्रा-वेलांट्यांना आणि खालचा अक्षरांना देते. तेन्शोची उभी, भरीव वाटणी तिथे सरळ लागू होत नाही. हे काम करून पाहण्यासारखं आहे, मात्र हान शिक्के हातातून गेल्यानंतर. जपानमध्ये भारतीय वंशाची एक लिपी शिक्क्यांत आधीच आहे. कूकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनमधून परतताना सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊन आला. सिद्धम् आणि देवनागरी दोघी ब्राह्मीच्याच लेकी. आजही जपानी बौद्ध मंदिरांत यात्रेकरूच्या वहीत जो लाल ठसा देतात, त्यात पुष्कळदा मधोमध त्या देवतेचं सिद्धम् बीजाक्षर असतं. मराठी माणसाने त्या वह्या पाहिल्या तर काही अक्षरं त्याला लांबून ओळखीची वाटतील.

शिकण्याच्या सोयी जपानमध्ये भरपूर आहेत. हायस्कूलच्या सुलेखनाच्या वर्गात तेन्कोकु येते, शहरांतल्या संस्कृती केंद्रांत आठवडी वर्ग असतात, आणि इबाराकी प्रांतातल्या कोगा गावी 1991 पासून फक्त तेन्कोकुला वाहिलेलं संग्रहालय आहे, तेही 1920 मधल्या दगडी कोठारात. निट्टेन या मोठ्या राष्ट्रीय प्रदर्शनात सुलेखनाच्या विभागाबरोबर तेन्कोकु मांडली जाते. तिथे पहिल्यांदा जाणारा चकित होतो, कारण भिंतीवर दगड नसतात. मोठ्या पांढऱ्या कागदावर एकच लाल ठसा, चौकटीत बसवलेला. सुलेखनाच्या कामावरही शिक्क्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सहीखाली आधी नावाचा हाकुबुन, त्याच्याखाली टोपणनावाचा शुबुन, आणि मजकुराच्या आरंभी उजवीकडे एक लांबट शिक्का.

ठशाशेजारी कधी कधी काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांची एक पट्टीही लावलेली दिसते. ती सोक्कानची. शिक्का पूर्ण झाला की कोरकार दगडाच्या बाजूवर, बहुधा डाव्या अंगाला, आपलं नाव, वर्ष आणि तो कोणासाठी कोरला हे लिहितो. इथे उलटं लिहायचं नसतं आणि आधी रेखाटायचंही नसतं. कोरणीचा कोपरा टेकवून एकेका फटक्यात एकेक रेघ पाडायची. तिचा ठसा लाल लगद्याने घेत नाहीत. पातळ कागद ओला करून दगडाच्या बाजूला चिकटवतात, मऊ कुंचल्याने तो खोबण्यांत बसवतात, अर्धवट वाळला की कापसाच्या लहान गादीने वरून काळी शाई थापतात, आणि कागद सोलून काढला की अक्षरं पांढरी उमटलेली असतात. या कृतीसाठी या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राखून ठेवलं आहे.